ठिपका

पहिल्या दिवशी तांडेलबाईंनी
मला कुणाचंच सॅम्पल दिलं नाही.
म्हणाल्या, तोंड उघड.
आइस्क्रीमची लाकडी काडी गालाच्या आतून फिरवली,
काचेवर पुसली,
वर निळ्या रंगाचा एक थेंब.
"आधी स्वतःला बघ,
मग लोकांची नावं वाच."

भोईवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
झायलीनच्या वासात
मी वाकून बघितलं:
फाटक्या पापडाचे तुकडे,
प्रत्येकात एक निळी मोहरी.
जिला इतकी वर्षं मी "मी" म्हणत आले
ती ही,
कडा दुमडलेली,
कालच्या चहानंतर कधीतरी गळून पडणार होती.

शाळेत गोडांबे सर फळ्यावर पेशी काढायचे.
"पेशी म्हणजे कारखाना. हे वीजघर,
हा माल बांधायचा विभाग, हा मुकादम."
बाबा त्या वर्षी रोज गेटपर्यंत जाऊन परत यायचे.
मी वहीत "कारखाना" खोडून
"खोली" लिहिलं.
एक मार्क गेला.
फार नंतर कळलं, ज्यानं ती भिंगातून पहिल्यांदा पाहिली
त्याच्याही तोंडी खोलीच आली होती.

खोलीला भिंत तेलाची, दुपदरी,
कुणाला आत घ्यायचं ते भिंतच ठरवते.
वीजघरं आमच्या या भिंगातून धड दिसत नाहीत,
ती आहेत असं धरून चालायचं.
आणि मोहरीएवढ्या त्या निळ्या ठिपक्यात
सहा फूट दोरा.

तांडेलबाईंच्या घरी अजून जाळी विणतात.
म्हणतात, "दोरा गुंडाळणं कुणालाही जमतं गं.
हवी तेवढीच गाठ सोडायची,
बाकीला हात लावायचा नाही,
ते कसब."
डोळ्याच्या पेशीकडेही यकृताची सगळी कृती असते,
पण ती तेवढं पान
जन्मभर उघडत नाही.

लाल पेशी तर दोराच टाकून देते.
ओझ्याला जागा हवी.
मग एकशेवीस दिवस, फार तर.
हे शिकवलं त्या दुपारी
मी बाबांच्या डबल पाळ्यांबद्दल
बाईंना पहिल्यांदा सांगितलं.
त्यांनी काच पुसली,
काही बोलल्या नाहीत,
डब्यातला जवळा मात्र माझ्याकडे सरकवला.

आमचं काम निदान करणं नाही.
काच या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची,
नांगरल्यासारखी,
आणि जिथं मोहरी फुगून सुपारी झालीय,
भोवतीचा रस आटलाय,
पेशी एकमेकींच्या अंगावर चढल्यात,
तिथं काळ्या शाईचा ठिपका द्यायचा.
पुढचं डॉक्टर लिहितात.
"वाईट नसते ती," बाई म्हणायच्या,
"मरायचं कसं तेवढं विसरलेली असते."
ठिपका देताना त्यांचा हात
मासळीची कल्ली उचलून बघावी तसा,
हलका, कठोर.

निवृत्तीला सतरा दिवस राहिले असताना
ट्रेमध्ये एक काच आली.
नंबर होता, नाव नव्हतं.
नंबरातला सात मधे आडवी रेघ मारलेला.
असा सात इथं एकच माणूस काढतं.
बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या,
बाटल्यांची लेबलं वाचत होत्या,
जी त्यांनीच लिहिली होती.

मी एकदा बघितलं.
उलट्या बाजूनं पुन्हा बघितलं.
पेन उघडं ठेवून तिसऱ्यांदा.
एका कोपऱ्यात दोन मोहऱ्या जरा गडद;
फोकस वर घेतला, खाली घेतला,
रंगच जास्त बसला होता.

"ठिपका?" त्यांनी न वळता विचारलं.
"नाही."
"कोपरे बघितलेस?"
"बघितले."
"सगळे?"
"चारही."
तेव्हा त्या वळल्या, काच हातात घेतली,
उजेडासमोर धरली
आणि म्हणाल्या,
"हिमॅटोक्सिलिन जास्त वेळ ठेवतेस तू.
किती वेळा सांगायचं."